पुनर्वसनाची मात्रा : पक्षाघात, त्यानंतरचे उपचार आणि नवजात बाळाचा मेंदू

पक्षाघात हा हातापायांचा आजार आहे हा समज समाजात इतका घट्ट रुजलेला आहे की उपचाराचा पहिला विचारही हातापायांभोवतीच फिरतो. लुळ्या पडलेल्या अंगाला तेल चोळले जाते, शेक दिला जातो, काही ठिकाणी कबुतराच्या रक्ताची मालिश केली जाते, आणि या धावपळीत ज्या अवयवाला इजा झाली त्या मेंदूचा विचार सर्वांत शेवटी होतो. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे थांबला किंवा रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव झाला, तर त्या भागातील पेशी काही मिनिटांतच मरू लागतात आणि त्या पेशींकडे जे काम असेल ते काम शरीराला जमेनासे होते. त्यामुळे मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर शरीराची उजवी बाजू जाते, आणि बहुतेक माणसांत वाचाही डाव्या बाजूच्या ताब्यात असल्यामुळे तीही सोबत जाते. मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात असा अंदाज २००६ साली मांडला गेला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि मोठ्या वाहिनीतील गुठळी नळीवाटे ओढून काढण्याचा उपचार निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो, या गोष्टी आता शहरी सुशिक्षितांना बऱ्यापैकी ठाऊक झाल्या आहेत. या व्याख्यानाचा विषय त्यानंतर सुरू होतो, म्हणजे रुग्ण वाचला, घरी आला, आणि समोर उरलेले आयुष्य आहे अशा टप्प्यापासून.

या टप्प्यातील उपचारांना पुनर्वसन म्हटले जाते आणि व्यवहारात त्याला दुय्यम स्थान मिळते. गोळी किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे डॉक्टर लिहून देतात आणि घरचे काटेकोर पाळतात. व्यायामाच्या बाबतीत मात्र ‘फिजिओथेरपी करा’ एवढ्या दोन शब्दांवर भागवले जाते. प्रत्यक्षात पुनर्वसनालाही औषधासारखीच मात्रा असते, तिची वेळ असते आणि चुकीच्या वेळी दिल्यास तिचे अपायही असतात. गेल्या तीस वर्षांतील संशोधनाचा रोख या एका मुद्द्याकडे आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आजाराच्या आकाराविषयी दोन अभ्यास विशेष उपयोगी आहेत. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल यांच्या नेतृत्वाखाली २००५-०६ मध्ये एका ठरावीक वस्तीत झालेल्या पाहणीत दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ नवे रुग्ण आढळले. त्यांतील ८० टक्क्यांच्या आसपास रुग्णांना गुठळीमुळे पक्षाघात झालेला होता आणि जवळपास ३० टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले. दुसरा अभ्यास गडचिरोलीतला आहे. ‘सर्च’ या संस्थेतील डॉ. योगेश काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतील मृत्यूंची कारणे दोन वर्षे शोधली, तेव्हा १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झालेले निघाले आणि मृत्यूच्या कारणांत तो पहिल्या क्रमांकावर आला. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा ‘पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार’ ही समजूत मोडीत निघायला हवी होती. या मृत्यूंपैकी ८७ टक्के मृत्यू घरीच झाले होते, हा तपशील आकड्याहूनही बोलका आहे. नाशिक जिल्हा या दोन टोकांच्या मधोमध येतो. एकीकडे मेंदूविकारतज्ज्ञ आणि सुसज्ज खाजगी रुग्णालये असलेले शहर, दुसरीकडे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील पाडे, आणि यांच्यातील अंतर किलोमीटरमध्ये मोजले तरी ते दर आठवड्याला तीन वेळा फिजिओथेरपीसाठी येण्याच्या हिशेबात मोजले तर वेगळेच निघते.

मेलेली मज्जापेशी पुन्हा जिवंत होत नाही. मग सुधारणा होते ती कशी, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे एक स्पष्ट उत्तर १९९६ साली अमेरिकेतील रँडॉल्फ न्यूडो यांच्या माकडांवरील प्रयोगांतून मिळाले. मेंदूतील हाताच्या हालचालींच्या क्षेत्रात छोटी इजा केल्यानंतर ज्या माकडांना काहीच सराव दिला नाही, त्यांच्यात इजेच्या शेजारचा शाबूत भागही हाताचे काम सोडून देऊ लागला. ज्या माकडांना छोट्या खळग्यांतून खाण्याच्या गोळ्या बोटांनी उचलायला लावले, त्यांच्यात मात्र तो भाग टिकला आणि काहींच्या बाबतीत कोपर-खांद्याच्या क्षेत्रातही हाताने जागा मिळवली. मेंदूची ही पुनर्रचनेची क्षमता सरावाने जागी होते, आणि तो सराव नेमक्या त्याच कामाचा व शेकडो वेळा केलेला असावा लागतो. अशा प्रयोगांत प्राण्यांकडून दिवसाला चारशे ते सहाशे आवर्तने करून घेतली जात असत. याउलट २००९ साली उत्तर अमेरिकेतील पुनर्वसन केंद्रांत प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा एका सत्रात रुग्णाच्या हाताकडून उपयुक्त हालचालींची सरासरी फक्त ३२ आवर्तने होत असल्याचे दिसले. सुसज्ज केंद्रांत बत्तीस, तर घरी आठवड्यातून दोनदा येणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या अर्ध्या तासात किती, याचा अंदाज श्रोत्यांनीच बांधावा. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०२३ पासून आठवड्यातील किमान पाच दिवस, दररोज तीन तास पुनर्वसन मिळावे असा आग्रह धरला आहे, तो याच कारणामुळे.

मात्रेचे तत्त्व सर्वांत ठळकपणे दिसते ते ‘निर्बंध उपचारा’त. चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवून तो जाणीवपूर्वक निकामी ठेवायचा आणि सगळी कामे दुबळ्या हाताकडून करून घ्यायची, अशी ही पद्धत आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांच्या लक्षात आले होते की इजा झालेला हात पुष्कळदा जेवढे करू शकतो त्याहून कितीतरी कमी करतो, कारण सुरुवातीच्या अपयशांमुळे मेंदू तो हात न वापरायला शिकतो. या शिकलेल्या अनुपयोगावर हा उपचार घाला घालतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झटक्यानंतर तीन ते नऊ महिने उलटलेल्या २२२ रुग्णांचा अभ्यास झाला. दोन आठवडे, जागेपणीच्या ९० टक्के वेळात मोजा आणि रोज सहा तासांपर्यंत सराव असा कठोर क्रम ज्यांनी पाळला त्यांच्या हातात झालेली सुधारणा वर्षानंतरही टिकून राहिली. ज्याला मनगट आणि बोटे थोडीतरी वर उचलता येतात अशाच रुग्णाला हा उपचार लागू पडतो, हेही तितकेच महत्त्वाचे. बोटे अजिबात न हलणाऱ्या रुग्णाचा चांगला हात बांधणे हा निव्वळ छळ ठरतो. अशा रुग्णांसाठी आरसा-उपचार आहे: दोन हातांच्या मध्ये आरसा उभा करून चांगल्या हाताच्या हालचालीचे प्रतिबिंब दुबळ्या हाताच्या जागी पाहायचे. व्ही. एस. रामचंद्रन यांनी तो अवयव कापलेल्या रुग्णांच्या वेदनेसाठी योजला होता आणि १९९९ पासून तो पक्षाघातातही वापरला जाऊ लागला. त्याला लागणारे साहित्य म्हणजे घरातला एक आरसा, तरीही तो फारसा सुचवला जात नाही.

वाचाघाताच्या ज्या प्रकारात समजते पण शब्द जुळत नाहीत, त्यात १९७३ साली बोस्टनमध्ये मांडलेली स्वरोच्चार पद्धती उपयोगी पडते. बोलू न शकणारा रुग्ण पाठ असलेली आरती किंवा अभंग चालीवर म्हणू शकतो हे पुष्कळ घरांनी पाहिलेले असते, आणि वाक्य चालीत घोळवून हळूहळू बोलण्याकडे आणण्याचे तंत्र याच निरीक्षणावर उभे आहे. गिळण्याची तपासणी त्याहून तातडीची असते. झटका आलेल्या माणसाच्या तोंडात घाबरून पाणी किंवा चहा घालणे ही आपल्याकडची सर्रास आढळणारी कृती आहे. घशाचे स्नायू साथ देत नसल्यास तो घोट फुप्फुसात उतरतो आणि त्यातून होणारा न्यूमोनिया पुढच्या दिवसांत जीवघेणा ठरू शकतो. तसेच उठवताना दुबळ्या हाताला धरून ओढल्यामुळे खांद्याचा सांधा निखळतो व महिनोन् महिने दुखत राहतो. झटक्यानंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य येते, आणि ‘व्यायामाचा कंटाळा करतात’ अशी जी तक्रार घरचे करतात तिच्यामागे पुष्कळदा हेच असते.

‘जितक्या लवकर आणि जितके जास्त, तितके चांगले’ असा निष्कर्ष यातून कोणी काढू पाहील, तर २०१५ सालची एक मोठी चाचणी त्याला आवर घालते. पाच देशांतील २,१०४ रुग्णांपैकी निम्म्यांना पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि जास्त वेळ उभे करून चालवण्याचा प्रयत्न झाला. तीन महिन्यांनी त्यांच्यात चांगला परिणाम दिसलेल्यांचे प्रमाण नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांपेक्षा कमी भरले. मात्रा जास्त झाली की पुनर्वसनही अपाय करते याचा यापेक्षा थेट पुरावा मिळणे कठीण.

भारतीय श्रोत्यांसाठी सर्वांत विचार करायला लावणारा अभ्यास मात्र इथलाच आहे. आपल्याकडे प्रशिक्षित मनुष्यबळ कमी आणि घरी माणसे उपलब्ध, तेव्हा कुटुंबातील एकाला शिकवून त्याच्याकडूनच पुनर्वसन करून घ्यावे, ही कल्पना कोणालाही पटेल अशी आहे. लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन आणि सहकाऱ्यांनी १४ भारतीय रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर ती तपासली. काळजीवाहू व्यक्तीचे प्रशिक्षण रुग्णालयात सुरू होऊन घरी दोन महिन्यांपर्यंत चालू राहिले. २०१७ साली निष्कर्ष आले तेव्हा सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के, होते. हा निकाल निराशाजनक म्हणून बाजूला सारला जाऊ नये. घरातील सुनेवर, पत्नीवर किंवा मुलीवर आणखी एक विनामोबदला काम सोपवून व्यवस्थेची उणीव भरून निघत नाही, एवढे त्यातून निश्चित ठरते. आपल्याकडे काळजीवाहू ही व्यक्ती बहुधा स्त्री असते, तिची स्वतःची मजुरी किंवा शेतातले काम बुडालेले असते, आणि ‘घरचे लक्ष देत नाहीत’ हा दोष तिच्याच माथी मारला जातो. त्या दोषारोपाला या अभ्यासानंतर आधार उरलेला नाही. शिकवलेल्या कुटुंबाच्या मागे नियमित येणारा प्रशिक्षित माणूस असावा लागतो.

तो माणूस घडवण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे आणि तिची सुरुवात मुंबईत झाली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर मराठी कुटुंबात आलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे जेवणे, कपडे घालणे, लिहिणे अशा रोजच्या कामांसाठी रुग्णाला पुन्हा सक्षम करणाऱ्या शास्त्राची, आशियातील पहिली शाळा सुरू केली. त्यामागोमाग पोलिओच्या साथीनंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने तिथेच फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले आणि १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. लुळ्या पडलेल्या मुलांसाठी जन्मलेले फिजिओथेरपीचे हे शिक्षण पुढे प्रौढांच्या पक्षाघाताकडे वळले हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण मुलांचा विचार या विषयातून आज जवळजवळ गळून गेला आहे. १९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यापासून, अभिमत विद्यापीठे वगळता, राज्यातील फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्या म्हसरूळजवळच्या दिंडोरी रस्त्यावरून दिल्या जातात. राज्याला थेरपिस्ट पुरवणाऱ्या शहराची आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्याकडे पाहण्याची जबाबदारी त्यामुळे वाढते.

पक्षाघात टाळणे हा पुनर्वसनाहून स्वस्त मार्ग आहे. अनेक देशांत झालेल्या आणि २०१० व २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले की उच्च रक्तदाब, तंबाखू, पोटाचा घेर, आहार, व्यायामाचा अभाव, मधुमेह, मद्यपान, मानसिक ताण, हृदयविकार आणि रक्तातील चरबी या दहा घटकांत नव्वद टक्के जोखीम सामावलेली आहे. त्यांत रक्तदाबाचा वाटा सर्वांत मोठा. वरचा रक्तदाब दहा अंकांनी उतरला तरी पक्षाघाताचा धोका सुमारे एकचतुर्थांशाने कमी होतो. पापड, लोणची, चिवडा आणि तर्रीदार मिसळ यांच्या जिल्ह्यात मिठाविषयी बोलणे अप्रिय वाटेल, पण जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा आपल्या जेवणात सहज ओलांडली जाते. चीनमधील ६०० गावांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेहमीच्या मिठाऐवजी काही अंशी पोटॅशियम असलेले मीठ दिल्याने पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले; मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी असे मीठ वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये, एवढी पुस्ती त्याला जोडायला हवी. स्त्रियांच्या मिश्रीला तंबाखूत न धरण्याची सवयही मोडली पाहिजे.

एक जोखीम मात्र पाठ्यपुस्तकी यादीत मागे पडते आणि आपल्या घरांत पुढे असते. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. अशा वेळी बाळंतिणीला ‘अंग सुजेल’, ‘पोट सुटेल’ म्हणून पाणी कमी देण्याची चाल काही घरांत अजून पाळली जाते, शरीर कोरडे पडते आणि मेंदूतील शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका वाढतो. तीव्र डोकेदुखी, उलट्या, आकडी किंवा एका अंगाचा दुबळेपणा ही त्याची लक्षणे आहेत, आणि वेळेवर निदान झाल्यास रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी बहुतेक तरुण स्त्रिया चांगल्या बऱ्या होतात.

आई आणि बाळ यांचा हा धागा पुढे नेल्यास अनेकांना धक्का देणारी वस्तुस्थिती समोर येते: पक्षाघात नवजात बाळालाही होतो. गर्भावस्थेच्या उत्तरार्धापासून जन्मानंतरच्या २८ दिवसांपर्यंत होणाऱ्या या विकाराचे प्रमाण कॅनडातील अल्बर्टा प्रांतात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १,१०० जन्मांमागे एक असे निघाले. गर्भात हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील छिद्र उघडे असते, त्यामुळे वारेतून सुटलेली गुठळी फुप्फुसात न अडकता थेट मेंदूकडे जाऊ शकते. बहुतेक बाळांत नेमके कारण सापडत नाही, आणि आईने काय खाल्ले, ग्रहणात काय केले, या चौकशीला तर काहीच अर्थ नसतो. पुढच्या अपत्यात तो पुन्हा होण्याची शक्यता सहसा अत्यल्प असते, हे पालकांना स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. प्रौढासारखे तोंड वाकडे होणे, हात पडणे असे काही बाळात दिसत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत येणारी आकडी हे मुख्य लक्षण, तीही पुष्कळदा एकाच हातापायाला येणारे झटके, टक लावून राहणे, चोखल्यासारखे ओठ हलवणे किंवा श्वास क्षणभर थांबणे अशा सौम्य रूपात येते. कित्येक बाळांत तेही दिसत नाही, आणि चार-सहा महिन्यांनी एक मूठ सतत मिटलेली राहते किंवा बाळ एकाच हाताने खेळणे पकडते तेव्हा प्रथम शंका येते. हाताची आवड वर्षाच्या आत ठरत नसते. सहा-आठ महिन्यांचे बाळ ठामपणे एकच हात वापरत असेल तर ‘डावखुरा होणार’ म्हणून कौतुक करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे.

नवजात बाळाच्या मेंदूचे वजन प्रौढ मेंदूच्या साधारण चौथ्या हिश्शाइतके असते आणि दोन वर्षांत ते सुमारे ८० टक्क्यांवर पोहोचते. या वाढीमुळे डाव्या मेंदूला इजा झालेली पुष्कळ मुले उजव्या बाजूच्या आधाराने भाषा शिकतात व बोलू लागतात, जे प्रौढाला इतक्या सहजतेने जमत नाही. हाताच्या बाबतीत मात्र निसर्ग एवढा उदार नाही. स्वीडनमधील ॲन-क्रिस्टिन एलियासन यांनी निर्बंध उपचार बाळांसाठी बेतला: चांगल्या हातावर मऊ मोजा, रोज अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस, सहा आठवडे, मग सहा आठवडे विश्रांती आणि पुन्हा सहा आठवडे. हा खेळ आईवडील घरीच घेतात, पण थेरपिस्ट दर आठवड्याला येऊन मार्ग दाखवतो. २०१८ सालच्या छोट्या चाचणीत त्याची तुलना बाळाच्या मालिशीशी केली गेली आणि हाताचा वापर निर्बंध उपचारात सरस ठरला. मालिश बंद करावी असे यातून निघत नाही. बाळाला न्हाऊमाखू घालणारे हात तिथेच असतात, त्यांना त्या अर्ध्या तासाचा खेळ शिकवायचा आहे. थोड्या मोठ्या मुलांत सिकलसेल या रक्तविकाराकडे लक्ष हवे, कारण तो राज्याच्या आदिवासी पट्ट्यांत आढळतो आणि काही मुलांना पक्षाघातापर्यंत नेतो. डोक्याच्या डॉपलर तपासणीत धोका दिसलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यास पक्षाघात सुमारे नव्वद टक्क्यांनी टळतो, हे १९९८ सालीच सिद्ध झाले आहे.

यांतील बऱ्याच गोष्टींसाठी नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सिद्ध केलेली घरोघरी नवजात बालसेवेची पद्धत देशभर स्वीकारली गेली, आणि आज आशा कार्यकर्ती बाळाच्या पहिल्या सहा आठवड्यांत अनेकदा व पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात घरी जाते. पालघर येथून २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात संशयित बाळाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्याची सोय आहे. सहाव्या आणि नवव्या महिन्याच्या भेटीत ‘बाळ दोन्ही हात सारखे वापरते का’ हा प्रश्न विचारणे, त्याच घरातील आजी-आजोबांचा रक्तदाब मोजणे, बाळंतिणीला पुरेसे पाणी मिळते का हे पाहणे, आणि ज्या घरी पक्षाघाताचा रुग्ण आहे तिथे आठवड्यातून एकदा जाईल असा थेरपिस्ट ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर नेमणे, ही मागणी नाशिकच्या नागरिकांनी आणि इथल्या विद्यापीठाने एकत्र येऊन शासनाकडे करावी. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण सुरगाणा, पेठ आणि हरसूल येथील रुग्णालयांत ठेवून तिची सुरुवात विद्यापीठाला स्वतःच्या अधिकारातही करता येईल.